ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर अडखळतो, रेस उशिरा लागते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी डाळिंबाची बाग सांगोल्याजवळ, घर सोलापुरात. क्रेट, ठिबकच्या नळ्या, खताची पोती आणि सणावाराला घरची माणसं, सगळं एकाच ऑटोमॅटिक डिझेल पिकअपमधून जातं. गाडी तीन वर्षांची झाली तेव्हा रेस दिल्यावर ती उशिरा उठू लागली आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका देऊ लागली. आठ महिने मी त्यामागे फिरलो. तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो: गाडीला नवीन काही बसवण्याआधी तिचं जुनं दुखणं शोधा.

आपल्याकडे 'पिकअप' म्हणजे गाडीही आणि गाडीची झेपही. खाली दोन्हींबद्दल आहे.

हे कोणत्या गाड्यांना लागू आहे?

मुख्यतः टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांच्या ऑटोमॅटिक गाड्यांना. दोन्हींत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेला ६ गिअरचा बॉक्स आहे. आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक मालवाहू पिकअप हाताने गिअर टाकायचे आहेत. त्यांच्या मालकांनी गिअरबॉक्सचा भाग सोडून हवा, डिझेल आणि रेस यांचा भाग वाचावा, तो त्यांनाही बराचसा लागू पडतो.

पाय दाबला की गाडी क्षणभर थांबते आणि मग एकदम पळते. हा बिघाड आहे का?

थोडा उशीर असणारच. पूर्वी पेडलला केबल असायची, पाय दाबला की ती ओढली जायची. आता पेडलखाली सेन्सर असतो. तुमचा पाय किती आणि किती वेगाने खाली गेला एवढंच तो इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. मग कॉम्प्युटर ठरवतो की किती ताकद द्यायची, किती डिझेल सोडायचं. डिझेल वाढवायचं तर हवाही वाढायला हवी, आणि हवा येते टर्बोतून. टर्बो फिरतो धुराच्या दाबावर, त्यामुळे त्याला गती घ्यायला वेळ लागतो. त्याच वेळी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर विचार करत असतो की आहे त्या गिअरमध्ये भागेल की एक-दोन गिअर खाली यायचं. खाली यायचं ठरलं तर कन्व्हर्टरचं लॉक, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडून ठेवणारी पकड, सुटतं, एक क्लच सुटतो, दुसरा धरतो.

एवढं सगळं होईपर्यंत तुम्ही मोहोळच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक मारायला बाहेर आलेले असता, आणि तो एक सेकंद फार मोठा वाटतो.

आकडे पाहिले की हे आणखी कळतं. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, पण २००० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात. ऑटोमॅटिक हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन ५०० देतं, १६०० ते २८०० मध्ये. १३००-१४०० आरपीएमवर निवांत चाललेल्या गाडीला अचानक जोर मागितला तर ती आधी त्या पट्ट्यात शिरते आणि मग ओढते. हा तिचा स्वभाव आहे. बिघाड तेव्हा म्हणायचा, जेव्हा सहा महिन्यांपूर्वी हीच गाडी, याच रस्त्यावर, एवढ्याच वजनात लवकर उठत होती आणि आता उठत नाही.

दोष इंजिनचा आहे की गिअरबॉक्सचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

यासाठी मी एकच परीक्षा करतो आणि ती प्रत्येकाला सांगतो. पहाटे रिकामा, सरळ, सपाट रस्ता बघा. गाडी चांगली गरम होऊ द्या. लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन तिसरा गिअर धरा, आरपीएम २००० वर स्थिर करा आणि पेडल अर्ध्याहून थोडं जास्त दाबा, पूर्ण तळाला नको.

गाडी लगेच ओढायला लागली तर इंजिन ठीक आहे. म्हणजे एरवीचा उशीर गिअर निवडण्यात जातोय. इथेही ती जड वाटली, आवाज वाढला पण वेग चढला नाही, तर हवा, डिझेल किंवा धुराचा मार्ग तपासा, गिअरबॉक्सला हात लावू नका. तिसरी शक्यता म्हणजे आरपीएमचा काटा उडी मारतो आणि गाडी तिथेच राहते. कन्व्हर्टरचं लॉक सुटलं की काटा दोनशे-चारशेने वर जातो, ते चालतं. त्याहून बराच वर जाऊन तिथेच रेंगाळला तर आतला क्लच घसरतोय असं समजा. मग लांबचा प्रवास टाळून थेट ऑटोमॅटिकचं काम जाणणाऱ्या माणसाकडे जा.

माझ्या गाडीला मी ही परीक्षा आठव्या महिन्यात लावली. पहिल्या आठवड्यात लावली असती तर बराच पैसा वाचला असता.

इंजिन जड निघालं. कुठून सुरुवात करू?

हवेपासून. सोलापूर जिल्ह्यातली धूळ साधी नाही. काळ्या मातीची बारीक भुकटी, ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत उडणारा कोंडा, हंगामात उसाचं पाचट. पुस्तिकेत एअर फिल्टरचं जे अंतर लिहिलंय त्याच्या खाली धुळीच्या भागासाठी वेगळी सूचना असते, ती आपल्यासाठीच आहे. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर मी निम्म्या अंतरावर बदलतो. एअर गन मारून तोच फिल्टर पुन्हा पुन्हा वापरू नका, जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट टर्बोपर्यंत जाते.

फिल्टरनंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे जाड रबरी होज बघा. माझ्या गाडीचं दुखणं इथेच होतं. एका होजला क्लिपच्या खाली चीर पडली होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राहायची, टर्बोचा दाब आला की उघडायची. बाहेरून दिसायचं एवढंच की होजच्या त्या टोकाला तेलकट धूळ चिकटलेली. तीन गॅरेजांत गाडी दाखवली. एकाने 'ऑटोमॅटिक अशाच असतात' म्हणून परत पाठवली, दुसऱ्याने पेडलला जोडायचा डबा विकला. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या फिटरने हात घालून होज दाबून पाहिला आणि दोन मिनिटांत सांगितलं. दाबाची हवा बाहेर गळत होती, इंजिनला जोर मिळत नव्हता, आणि गिअरबॉक्सला इंजिनची खरी ताकद कळत नसल्यामुळे तो चुकीच्या दाबाने क्लच धरत होता. म्हणजे झटकासुद्धा तिथूनच येत होता. होज बदलला, दोन्ही तक्रारी गेल्या.

म्हणून सांगतो, इंजिन आणि गिअरबॉक्स यांची दुखणी वेगळी समजू नका. एकाची माहिती चुकली की दुसऱ्याचं काम बिघडतं.

त्यानंतर डिझेल फिल्टर. त्यातलं पाणी वेळेवर काढा. मग हवा मोजणारा सेन्सर. तो त्याच्यासाठी मिळणाऱ्या क्लिनरनेच साफ करायचा, कापडाने पुसायचा नाही, आतली तार नाजूक असते. मग ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वाटेत, साचलेली काजळी.

गाडी फक्त शहरातच फिरते. कधी कधी अचानक जड होते आणि दुसऱ्या दिवशी ठीक असते, असं का?

बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतः जास्तीचं डिझेल वापरून त्याला सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. त्या वेळी उभ्या गाडीचा आरपीएम थोडा वाढतो, गिअर उशिरा वर जातो, मायलेज घसरतं. सात रस्ता ते नवी पेठ एवढीच धाव असेल तर हे जाळण्याचं काम दर वेळी अर्धवट राहतं. आठवड्यातून एकदा गाडी पुणे किंवा हैदराबाद रस्त्याला न्या, वीस-पंचवीस मिनिटं एका चालीने चालवा. डीपीएफचा दिवा लागला असेल तर पुस्तिकेत लिहिलंय तसंच करा.

डीपीएफ कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि त्या काळ्या धुरात आपलीच पोरं शाळेला जातात.

पेडलला लावायचा डबा घेऊ का?

तो काय करतो ते आधी समजून घ्या. पेडलचा सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये तो बसतो. तुम्ही पाय ३० टक्के दाबला तर तो ५० टक्के दाबल्याचं कळवतो. इंजिनची ताकद तीच, टर्बो तोच, गिअर तोच. जे तुम्ही पाय थोडा जास्त दाबून मिळवाल, तेच तो कमी दाबून देतो.

काहींना तो आवडतो, मी ते नाकारत नाही. घट्ट पेडलवर दिवसभर पाय ठेवून दुखत असेल तर फरक जाणवतो. पण मार्केट यार्डात कांद्याच्या हंगामात हमाल, हातगाड्या आणि ट्रक यांच्यामधून गाडी इंच इंच पुढे घ्यायची असते, तिथे हलक्या पायाला गाडी उसळी घेते. मी माझा डबा तीन आठवड्यांत काढला.

आधी हे बघा: गाडी इको मोडमध्ये तर नाही? हायलक्समध्ये इको आणि पॉवर अशी दोन बटणं आहेत. इको मोड पेडलचा प्रतिसाद मुद्दाम मऊ करतो. पायाखालची जाड मॅट पेडलला अडते का तेही पाहा. ती अडली तर पेडल पूर्ण खाली जातच नाही आणि गिअर पटकन खाली यायची सोय वाया जाते.

आणि रिमॅप?

रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलणं. त्याने खरोखर ताकद वाढते, डब्यासारखा तो नुसता संकेत बदलत नाही. काळजी म्हणूनच जास्त घ्यायची. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लचवर किती दाब द्यायचा ते इंजिनने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. स्वस्तात केलेल्या रिमॅपमध्ये इंजिन देतं जास्त आणि कळवतं कमी. मग क्लच कमी दाबाने धरला जातो, रोज थोडा थोडा घसरतो, आणि वर्ष-दीड वर्षाने तेल जळून काळं होतं. तोवर रिमॅप करणाऱ्याचा संबंध संपलेला असतो. शिवाय वॉरंटी जाते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. माल वाहणाऱ्या गाडीला मी रिमॅप करणार नाही.

गिअर बदलताना झटका येतो. तेल बदललं की जाईल का?

तेल जुनं झालं असेल तर बऱ्याचदा जातो. ऑटोमॅटिक बॉक्समध्ये तेल फक्त वंगण नसतं. तेच क्लच दाबतं, तेच कन्व्हर्टरमधून ताकद पुढे नेतं, तेच उष्णता बाहेर काढतं. व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या भागात केसाएवढ्या फटींतून ते वाट काढतं आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) त्याची वाट उघडतात-मिटतात. तेल पातळ झालं किंवा त्यात क्लचची भुकटी मिसळली की दाब वेळेवर पोहोचत नाही. मग गिअर एक तर सरकत लागतो, नाही तर आदळत लागतो.

पण झटक्याची कारणं इतरही असतात. गिअरबॉक्सचे माउंट (त्याखालचे रबरी आधार) दबून खराब झाले तर डीमध्ये टाकताच धक्का जाणवतो. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला खेळ आला की रेस सोडता-देताना 'टक' असा आवाज येतो. हे दोन्ही गाडी रॅम्पवर घेऊन हाताने हलवून कळतं, स्कॅनर ते सांगत नाही.

'लाइफटाइम' तेल आहे, बदलायची गरज नाही, असं सांगितलं गेलं.

कोणाचं लाइफ, हा प्रश्न विचारा. त्याच पुस्तिकेत जड वापराचा तक्ता वेगळा असतो का ते शोधा: वजन, ट्रेलर, धूळ, ऊन, घाट. सोलापुरात माल वाहणारी गाडी यातल्या चार तरी खान्यांत बसते. तक्त्यात अंतर असेल तर ते पाळा. नसेल तर ६० ते ८० हजार किलोमीटरवर बदलणं मला शहाणपणाचं वाटतं.

तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच घ्या. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेल्या डब्याने वाचतील ते पैसे बॉक्सच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

मशीनने फ्लश करू की नुसतं काढून भरू?

नुसतं काढून भरा. नट उघडल्यावर सगळं तेल बाहेर येत नाही, कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरंच राहतं. एका खेपेला ४० टक्के निघालं असं धरा. थोडं अंतर चालवून पुन्हा, आणि पुन्हा, असं तीनदा केलं तर सुमारे ७८ टक्के तेल नवं होतं. वेळ लागतो, पण आत साचलेला गाळ एकदम उसळून व्हॉल्व्ह बॉडीत अडकण्याचा धोका राहत नाही.

पातळी तपासताना गडबड होते ती वेगळीच. या बॉक्सना बहुधा डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल ठराविक तापमानावर, आणि मग खालच्या नटातून थेंब थेंब गळेल तेवढं ठेवायचं. तेल तापलं की फुगतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, महामार्गावरून नुकत्याच आलेल्या गाडीची पातळी कोणी नुसत्या नजरेने लावली तर ती कमीच लागणार. स्कॅनरवर तेलाचं तापमान बघून काम करणारा माणूस निवडा.

काढलेल्या तेलावरून काय कळतं?

गडद तपकिरी चालेल. जळका वास आणि चमकणारे कण चालणार नाहीत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी तेलात मिसळतंय. गाडी तिथेच थांबवा, एक किलोमीटरही चालवू नका.

उन्हाळ्यातच गाडी जास्त मंद का होते?

कारण हवा विरळ होते. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळी पहाटे १५ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ४३. तेवढ्याच जागेत मे महिन्यातली हवा सुमारे ९ टक्के कमी भरते. टर्बो ही तूट काहीशी भरून काढतो, पण इंटरकूलरवर येणारी हवाच तापलेली असते. त्यात एसी इंजिनची ताकद खातो. गिअरबॉक्सचं तेलही तापतं. साधारण ८० ते ९५ अंश ही त्याची सुखाची पातळी. १२० च्या वर सतत राहिलं तर ते झपाट्याने जुनं होतं.

यावर माझा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय: एसीची जाळी, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या पापुद्र्यांमध्ये अडकलेला कोंडा धुऊन काढा. इंजिन थंड असताना, कमी दाबाच्या पाण्याने, जमेल तिथे आतून बाहेर. प्रेशर वॉशरची बारीक धार मारू नका, पापुद्रे दुमडतात. मळणी संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, वर्षातून दोनदा तरी करा.

तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी सारखी गिअर वर-खाली करते. काय करू?

गाडी डीमध्ये सोडली की कॉम्प्युटर इंधन वाचवायला वरचा गिअर लावतो, चढ लागला की खाली येतो, पाय सैल केला की पुन्हा वर. प्रत्येक बदलात कन्व्हर्टर सुटतो आणि तेल तापतं. घाट सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये तिसरा किंवा दुसरा धरा, आरपीएम २००० ते २५०० राहील असा. इंजिनचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, त्या पट्ट्यातच ते सुखात असतं.

उतरतानाही तोच गिअर धरा, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत. उतारावर न्यूट्रल कधीही करू नका.

जास्तीचा ऑईल कूलर नेहमी ट्रेलर ओढणाऱ्यालाच लागतो. बसवलाच तर मूळ थर्मोस्टॅटला वगळून बसवू देऊ नका, थंडीत तेल तापायलाच वेळ लागतो आणि गिअर जड लागतात.

मोठे टायर टाकल्यापासून पिकअप कमी झाला. संबंध आहे का?

थेट आहे. २६५/६० आर १८ टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर, २८५/६० आर १८ चा सुमारे ७९९. म्हणजे प्रत्येक गिअर ३ टक्के लांब झाला, आणि टायरचं वजन वाढलं ते वेगळंच. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या आसपास असते. मूळ मापावर या, आणि हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे, भरलेल्या गाडीसाठी दिलेली भरा.

बॅटरी काढून पुन्हा लावली की गाडी सुधारते म्हणतात.

दोन-चार दिवस तसं वाटतं. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लचची झीज आणि तुमची पायाची सवय शिकत असतो. काही गाड्यांत बॅटरी काढल्याने ते शिकलेलं पुसलं जातं. पण मूळ कारण तसंच असेल तर तो पुन्हा तेच शिकतो. तेल किंवा सोलेनॉइड बदलल्यावर मात्र स्कॅनरने रीसेट करून घ्यावं आणि पुढचे शंभर-दोनशे किलोमीटर हलक्या पायाने, कधी शहरात कधी महामार्गावर, चालवावं.

फोर-बाय-फोर लावून डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडते.

अडणारच. या गाड्यांची फोर-बाय-फोर चिखल आणि मातीसाठी आहे. कोरड्या डांबरावर टू-व्हील.

स्कॅनरवर कोड आले. भाग बदलू का?

कोडवरून भागाचं नाव कळत नाही, कुठे शोधायचं ती दिशा कळते. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. लोक टर्बो बदलतात, आणि निघतो फाटका होज. पी-२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे जुळत नाहीत. आधी कनेक्टर आणि त्यातली धूळ बघा. पी-०७०० एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आणखी कोड आहेत, ते वाचा. पी-०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकबद्दल आहे, तिथे तेलापासून सुरुवात करा.

गॅरेजमध्ये गेल्यावर नेमकं काय सांगू?

'गिअर नीट पडत नाही' एवढंच सांगू नका. गाडी थंड असताना होतं की तापल्यावर, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना, किती आरपीएमला, रिकामी असताना की भरलेली, रेस देताना की सोडताना, हे कागदावर लिहून न्या. वरची तिसऱ्या गिअरची परीक्षा केली असेल तर तिचा निकालही लिहा. आणि फिटरला शेजारी बसवून, जिथे त्रास होतो त्याच रस्त्यावर गाडी चालवून दाखवा. माझ्या त्या म्हाताऱ्या फिटरने बॉनेट उघडण्याआधी मला हेच करायला लावलं होतं.